अप्पांचा जॅकार्ड आणि आमचा कॉम्प्युटरचा वर्ग

कांडीवाला | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो. आज धागा काढतोय, कारण गल्लीत एक उद्योग अंगावर घेतलाय आणि त्यात पुरता अडकलोय.

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या गल्लीत एक छोटा हॉल आहे, साखरपुड्याच्या पंगतीपुरता. दिवाळीनंतर तिथं दर रविवारी दहा वाजता साठीच्या आसपासच्या लोकांना फोन आणि कॉम्प्युटर शिकवायला लागलो. माझा जुना लॅपटॉप, उसना प्रोजेक्टर आणि चौदा जण. त्यात सात-आठ जणांचं आयुष्य यंत्रमागावर गेलेलं, विड्या वळणाऱ्या तिघी, एक एसटीतले निवृत्त कंडक्टर. घरात तेलुगू, बाहेर मराठी, भांडण रंगलं की कन्नड, असा आपला नेहमीचा कारभार.

पहिले तीन रविवार वाया गेले. मला जसं शिकवलं होतं तसंच मी शिकवलं. हा माऊस, हा कीबोर्ड, हे डबल क्लिक. सगळे "हो हो" म्हणाले, वहीत उतरवून घेतलं आणि पुढच्या रविवारी पाटी कोरी. एका आजींच्या वहीत लिहिलं होतं, "हिरवं चित्र, मग उजवीकडं खाली दाबणे." मधे ॲप अपडेट झालं, ते बटण खालून वर गेलं. आजींची वही त्या दिवशी रद्दी झाली.

चौथ्या रविवारी आमचे अप्पा आले. वय ७१, त्यातली चाळीस वर्षं जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चादरींत. मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. मी सांगत होतो की कॉम्प्युटरला फक्त शून्य आणि एक कळतं. समोर सगळे मख्ख. अप्पा मागून म्हणाले, "म्हंजे भोक हाय का न्हाई, एवढंच की!"

मी थांबलोच. अप्पा उठून पुढं आले आणि वर्ग त्यांनीच घेतला. जॅकार्डवर पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत असते. एक कार्ड म्हणजे एक आडवा धागा. कार्डाला जिथं भोक, तिथं सुई आत शिरते, हूक जागेवर राहतो आणि उभा धागा वर उचलला जातो. भोक नसलं तर सुई मागं ढकलली जाते, हूक सुटतो, धागा खालीच राहतो. "मागाला मोर ठाऊक न्हाई, कमळ ठाऊक न्हाई. त्याला भोक कळतंय. मोर आपल्याला दिसतोय."

पुढचं सगळं भराभर उलगडत गेलं. माग तोच, कार्डांची माळ बदलली की मोराची चादर जाऊन फुलांची येते. माग म्हणजे हार्डवेअर, माळ म्हणजे सॉफ्टवेअर. माळ्यावर टांगून ठेवलेल्या जुन्या नक्षीच्या माळा म्हणजे फोनचं स्टोरेज. आत्ता मागावर चढवलेली माळ म्हणजे रॅम, फोनची चालू कामाची जागा. दहा ॲपं एकदम उघडी ठेवली की फोन का रखडतो, तर एका मागावर दहा माळा चढवायला गेलात म्हणून. एखाद्या कार्डाचं भोक बुजलं की प्रत्येक चादरीत त्याच जागी तोच दोष येणार, मग मागाला लाथ मारून उपयोग नाही, कार्डच दुरुस्त करायला हवं. अपडेट कशाला येतात ते सांगायला मला वेगळं तोंड उघडावं लागलं नाही.

आता अडचण अशी, की वर्ग प्रश्न विचारायला लागलाय आणि मी उघडा पडलोय. "फोटो डिलीट केला तर नेमका कुठनं जातो?" "नेट संपलं म्हणजे काय संपलं?" "गूगल आणि इंटरनेट एकच ना?" तुम्ही घरच्यांना हे कसं सांगितलंत? साधं, पण चुकीचं नको.

शेंगाचटणी | रविवार, रात्री १०:०५

अप्पांना दंडवत. आमच्या कॉलेजात सरांनी हेच शिकवायला अख्खं सेमिस्टर घेतलं आणि तरी मी नापास झालो बे. मोर दिसला असता तर पास झालो असतो.

निवृत्त_फळा | रविवार, रात्री ११:२०

मी तीस वर्षं शाळेत गणित आणि शेवटची काही वर्षं संगणक शिकवला. मुक्काम जुळे सोलापूर. अप्पांनी जे सांगितलं तो नुसता दृष्टांत नाही, खरी वंशावळ आहे. फ्रान्समधल्या जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास ही यंत्रणा आणली. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजनं १८३० च्या दशकात हिशेब करणाऱ्या यंत्राचा आराखडा केला, तेव्हा त्याला हुकूम देण्यासाठी त्यानं मागाचीच भोकांची कार्डं घेतली. यंत्र पुरं झालं नाही, पण कल्पना राहिली. खुद्द जॅकार्डचं एक रेशमी चित्र मागावर विणलेलं होतं, त्याला सुमारे २४ हजार कार्डं लागली होती, आणि त्याची एक प्रत बॅबेजकडे होती. पुढं अमेरिकेची १८९० ची जनगणना भोकांच्या कार्डांवर मोजली गेली. म्हणजे कॉम्प्युटर हा मागाच्याच घरातला. सोलापूरनं त्याला पाहुण्यासारखं वागवायचं कारण नाही.

एक दुरुस्ती मात्र वर्गात जरूर सांगा. माग कार्डं एकापाठोपाठ एक वाचतो, त्याला मधे विचार नाही. कॉम्प्युटर "असं असेल तर त्या कार्डावर जा, नाहीतर या कार्डावर ये" असं करू शकतो. खात्यात पैसे असतील तर पुढं, नसतील तर "शिल्लक अपुरी" दाखव. एवढा एक 'जर-तर' मागाला मिळाला असता तर तो कॉम्प्युटरच्या बराच जवळ गेला असता.

अवांतर: वर्गाला गंमत म्हणून हे दाखवा. 'सोलापूर' लिहायला स, ओकार, ल, काना, प, दीर्घ ऊकार, र अशी सात चिन्हं लागतात. इंग्रजी स्पेलिंगमध्येही सात अक्षरं. पण साठवताना इंग्रजीला सात बाइट पुरतात आणि मराठीला एकवीस, कारण आजच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. एक बाइट म्हणजे आठ भोकांची जागा.

पुण्यात_अडकलेला | सोमवार, सकाळी ८:१५

फोटोच्या प्रश्नावर आमच्या घरात महाभारत झालंय म्हणून लिहितो. आईचा फोन भरला. तिनं गॅलरीतून बहिणीच्या लग्नाचे फोटो उडवले, समजूत अशी की "ते वर ढगात, क्लाउडमध्ये आहेत की, तूच म्हणालास". ते वर होते हे खरं. पण फोन आणि वरचं खातं एकमेकांना जोडलेलं होतं. इथं पुसलं की तिथंही पुसलं जात होतं. कचरापेटीत काही दिवस राहतात, तेवढ्यात कळलं म्हणून परत मिळाले.

त्यानंतर मी तिला ढग हा शब्दच बंद केला. ढगाबिगात काही नसतं, दुसऱ्याच्या गोडाऊनमधल्या दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर असतं. गूगलच्या खात्याला फुकट जागा १५ जीबी, त्यातच मेल, त्यातच फोटो, त्यातच फायली. मुख्य म्हणजे गोडाऊनला माल *ठेवलाय* का नुसती घरच्या कपाटाची नक्कल तिथं *चालू आहे*, हे बघायचं. नक्कल चालू असेल तर कपाटातून काढलेलं तिथूनही निघणार.

आणि नेट संपलं म्हणजे काय, ते मी पाण्याच्या टँकरवरून सांगितलं. सोलापुरात चार-पाच दिवसांनी पाणी येतं त्या माणसाला डेटा पॅक समजवावा लागत नाही. आजचं दीड जीबी आजच संपवा, साठवता येत नाही. वायफाय म्हणजे घरची बोअर.

शेंगाचटणी | सोमवार, सकाळी ८:३२

बोअरलाही पाणी लागलं पाहिजे की ओ. आमच्याकडं वायफायचा दिवा लाल आणि बोअर कोरडी, दोन्ही एकदमच.

कुंभारीकर | सोमवार, दुपारी २:५०

सगळं छान चाललंय, पण मी जरा मोडता घालते. अप्पांना मशीन कळतं. माझी आई विड्या वळते. तिला जॅकार्ड माहीत नाही, वाचताही येत नाही. तेलुगूही नाही, मराठीही नाही. तिला शून्य-एक सांगून काय करू?

आमच्याकडं काय झालं ते ऐका. मागच्या वर्षी ती एका ठिकाणी आधारवर पैसे काढायला गेली. अंगठा लावला. माणूस म्हणाला, "आला नाही, परत लावा." तिनं परत लावला. विड्या वळून वळून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, अंगठा न येणं आमच्या बायकांना रोजचंच आहे, म्हणून तिला संशयही आला नाही. हातात हजार मिळाले, खात्यातून दोनदा हजार गेले. मेसेज आला होता फोनवर. वाचणार कोण?

म्हणून माझं म्हणणं, आधी हे शिकवा. अंगठा दोनदा लावायला सांगितला तर पहिल्याची 'फेल' झालेली पावती मागा. पावती नाही तर दुसरा अंगठा नाही. आणि आधारचा बायोमेट्रिक लॉक, म्हणजे अंगठ्याचं कुलूप, लावून ठेवा. आधारच्या ॲपमधून होतो, आधारला मोबाईल नंबर जोडलेला लागतो. पैसे काढायच्या दिवशी थोडा वेळ उघडायचा. आईला मी मेसेज *ऐकायला* शिकवलंय. फोन मेसेज मोठ्यानं वाचून दाखवतो हे तिला माहीतच नव्हतं. आकडे तिला ऐकून बरोब्बर कळतात. हजार विड्यांचा हिशेब ती तोंडी करते.

कांडीवाला | सोमवार, रात्री ९:१०

कुंभारीकर ताई, पटलं. आमच्या वर्गातल्या त्या तिघी गप्प का असतात ते आज कळलं. अप्पांच्या जॅकार्डवर मी जरा जास्तच खूश झालो होतो.

सातरस्ता | सोमवार, रात्री ९:५५

मी बँकिंगमध्ये आहे, बँकेचं नाव नको. रोज अशी माणसं समोर रडताना बघतो, म्हणून स्पष्ट बोलतो. त्यांना कॉम्प्युटर कसा चालतो हे कळायची काही गरज नाही. गाडी चालवणाऱ्याला इंजिन कुठं माहीत असतं? तीन नियम पाठ करून घ्या. ओटीपी कुणाला सांगायचा नाही. अनोळखी लिंक दाबायची नाही. पिन कुणाला द्यायचा नाही. संपला विषय.

कांडीवाला | सोमवार, रात्री १०:४०

सातरस्ता साहेब, हे तिन्ही नियम मी पहिल्याच रविवारी फळ्यावर लिहिले होते. दुसऱ्या रविवारी एक काकू म्हणाल्या, "सिलिंडरवाला कोड मागत होता, मी दिला नाही, तो सिलिंडर परत घेऊन गेला." बरोबरच आहे. गॅसचा डिलिव्हरी कोड डिलिव्हरीवाल्याला द्यायचाच असतो. कुरिअरवालाही मागतो. मग काकूंनी नियमच सोडून दिला, "हे सगळे मागतातच की" म्हणून. आता त्यांना कुणीही काहीही मागितलं तरी देतील.

म्हणून आम्ही आता असं सांगतो: ओटीपी म्हणजे कुलपाची एकदाच चालणारी किल्ली. *कुठलं* कुलूप ते त्याच मेसेजमध्ये लिहिलेलं असतं. सिलिंडरचं कुलूप आहे, सिलिंडर दारात आहे, द्या किल्ली. खात्याचं कुलूप आहे, तर किल्ली दुसऱ्याच्या हातात कशाला? आकडा वाचायच्या आधी वरची ओळ वाचायची, किंवा फोनकडून ऐकायची.

यूपीआयचंही तेच. "पैसे येणार आहेत, पिन टाका" म्हणाला की फोन ठेवायचा. पिन लागतो तो पैसे *जाताना*, नाहीतर आपली शिल्लक बघताना. येणाऱ्या पैशाला पिन नसतो, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. हे का, ते एकदा कळलं की नियम पाठ करावा लागत नाही: पिन म्हणजे *आपली* सही, आणि सही देणाऱ्याची लागते.

सातरस्ता | मंगळवार, सकाळी ९:०५

सिलिंडरचा मुद्दा मान्य. आमच्या पोस्टरवर तो नाही, खरं आहे. मग माझ्याकडून दोन गोष्टी वर्गात सांगा. पैसे गेले की आधी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. जाऊबाईंना, शेजाऱ्यांना नंतर. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळवले जातात, वाटेत असतानाच गोठवता येतात, म्हणून मिनिटं मोलाची. आणि डिजिटल अरेस्ट म्हणून कायद्यात काही नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. निवृत्त, शिकलेली माणसं यात जास्त सापडतात, कारण त्यांना अब्रूची भीती असते.

पुण्यात_अडकलेला | मंगळवार, दुपारी १:२०

लिंकचं काय? वडिलांना "अनोळखी लिंक दाबू नका" म्हटलं तर त्यांचा प्रश्न, "ओळखीच्याकडूनच आली होती, आपल्या मावसभावाच्या नंबरवरून. लग्नपत्रिका होती." ती पत्रिका म्हणजे एपीके फाईल निघाली. मावसभावाचाच फोन आधी गेलेला.

निवृत्त_फळा | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

पत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते, ती *बघायची* असते. एपीके म्हणजे ॲप, ते *बसवायचं* असतं. कार्डांची माळच म्हणा ना. पत्रिका बघायला फोन "इन्स्टॉल करू का?" विचारत असेल, तर कुणीतरी आपल्या मागावर स्वतःची माळ चढवतोय. मग चादर त्याच्या नक्षीची निघणार. आपले मेसेजही तो वाचणार, म्हणजे ओटीपी न सांगताही गेला.

वेबसाइटच्या पत्त्यासाठी मी आडनाव वापरतो. आपलं नाव कसं असतं? स्वतःचं, वडिलांचं, शेवटी आडनाव. पत्ताही तसाच. सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडायच्या, मग पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत वाचायचा आणि तिच्या आधीचं शेवटचं टोक बघायचं. ते आडनाव, घराणं तिथं कळतं. सरकारी घराण्याचं आडनाव 'गव्ह डॉट इन'. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीची खरी साइट 'महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन' वर संपते. कुणी 'लाडकी बहीण गव्ह' अशी नावं सुरुवातीला घालून शेवटी 'डॉट एक्सवायझेड' लावलं, तर नाव कितीही आपलं वाटो, आडनाव परकं. बँकांनाही रिझर्व्ह बँकेनं आता 'बँक डॉट इन' हे आडनाव घ्यायला लावलंय, २०२५ च्या ऑक्टोबरअखेरची मुदत होती.

पत्त्याशेजारी कुलूप दिसायचं, त्याच्यावर विसंबू नका. कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमचं बोलणं वाटेत तिसरा कुणी ऐकत नाही. समोरचाच चोर असला तर? चोराशी खासगीत बोललात, एवढंच. क्रोम या ब्राउझरनं २०२३ मध्ये ते कुलूप काढून टाकलं ते याचसाठी, लोक त्याला सज्जनपणाचं प्रमाणपत्र समजत होते.

शेंगाचटणी | मंगळवार, संध्याकाळी ७:००

आमच्या एका पाहुण्यांचं आडनाव खरं आणि माणूस खोटा होता, पण ते जाऊद्या. गूगल आणि इंटरनेटचं राहिलंच की. मी सांगतो. इंटरनेट म्हणजे रस्ते. खरे रस्ते, समुद्राखालनं केबली टाकल्यात, मुंबईला वर येतात. क्रोम म्हणजे आपली रिक्षा. वेबसाइट म्हणजे दुकान. आणि गूगल म्हणजे सात रस्ता चौकातला पानवाला. "चादरीचं दुकान कुठं ओ?" विचारलं की सांगतो. पण पानवाल्याला कुणी पैसे दिले असले तर आधी त्याच्या दुकानाचं नाव सांगणार. वर 'प्रायोजित' लिहिलेलं असतंय बघा. कस्टमर केअरचा नंबर पानवाल्याला विचारायचा नाही, पासबुकावर बघायचा.

कुंभारीकर | मंगळवार, रात्री ९:३०

चटणी, पहिल्यांदा कामाचं बोललास.

कांडीवाला दादा, त्या तिघींसाठी सांगते, आईला काय जमलं ते. एक, संपर्कात प्रत्येकाचा फोटो लावला, नावं नाहीत. दोन, टाइप करायचंच नाही, माइक दाबून तेलुगूत बोलायचं, फोन लिहितो. तीन, "चुकलं तर फोन बिघडेल" ही भीती घालवायला मी तिच्यासमोर मुद्दाम चुकीची बटणं दाबली आणि मागं यायला शिकवलं. मागं यायचं बटण आधी शिकवा. घरातून बाहेर पडायच्या आधी परतीची वाट माहीत पाहिजे.

आणि एक तक्रार, तुमच्याविरुद्ध नाही. केंद्राची २०१७ ची डिजिटल साक्षरतेची योजना होती ना, वीस तासांची, घरटी एक माणूस? वयाची अट १४ ते ६०, आणि तीही गावाकडच्यांसाठी. आई तेव्हा एकसष्टची. सगळ्यांत जास्त गरज जिला, ती बाहेर. आमच्या घरातनं मी शिकले, जिला आधीच येत होतं.

कांडीवाला | पुढचा रविवार, दुपारी १:३०

आजचा वृत्तांत. सतरा जण होते. तिघींना पुढं बसवलं, मागं यायचं बटण सगळ्यात आधी घेतलं. अर्धा तास फक्त चुका करायच्या आणि परत यायचं. हॉलमध्ये इतका गोंधळ झाला की शेजारचे बघायला आले. एका मावशींनी चुकून सुनेला व्हिडिओ कॉल लावला आणि बंद करायला नकार दिला.

आडनावाचा खेळ झाला. मी फळ्यावर दहा पत्ते लिहिले, खरे कुठले ते ओळखायचे. कंडक्टर काकांचे दहाच्या दहा बरोबर. म्हणाले, खोटा पास ओळखण्यात जन्म गेला.

शेवटी अप्पा. गेले काही दिवस ते फोनवर व्हिडिओ बघतात. एकदा कुठला तरी मागाचा व्हिडिओ बघितला, तेव्हापासून मागच माग दिसतायत. मग गुडघेदुखीचं तेल. तेल त्यांनी कधी शोधलं नव्हतं, फक्त बघताना जरा थांबले होते. मी सांगितलं, तुम्ही कुठं थांबता, काय पुढं ढकलता, ते सगळं टिपलं जातं आणि त्यावरून पुढचं ठरतं.

अप्पा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्याकडं डिझायनर कार्डं टोचायचा आन् मी माग चालवायचो. इथं मी नुसतं बघतोय, आन् माझ्या बघण्यानंच कार्डं टोचली जातायत. मग चादर कुणाची रं?"

मला उत्तर आलं नाही. तुमच्यापैकी कुणाला येतंय का बघा.

निवृत्त_फळा | रविवार, दुपारी ३:०५

लिहून सांगण्यासारखं नाही, समोर बसून बोलायला हवं. पुढच्या रविवारी मीच येतो. अप्पांकडे कार्डांची जुनी माळ असली तर काढून ठेवायला सांगा, वर्गाला हातात धरून बघू दे. हॉलचा पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा.

कांडीवाला | रविवार, दुपारी ३:४०

माळ आहे, माळ्यावर. मोराचीच. उंदरांनी थोडी कुरतडलीय, तेवढं चालवून घ्या. पत्ता पाठवलाय.

शेंगाचटणी | रविवार, दुपारी ३:४२

कुरतडलेल्या जागी चादरीत काय येईल ते आधी अप्पांना विचारा. मी पण येतोय. चहा कुणाकडं?